चिंचोक्यांचा सिनेमा

चोरगे सर वर्गात शिरले की आधी खिडक्या बंद करायचे. मग तावदानांवर काळं कापड टांगायचे. स्नेहसंमेलनाच्या जुन्या पडद्याचा तो उरलेला तुकडा होता आणि त्याला कुठल्याशा ऐतिहासिक नाटकातल्या धुराचा वास अजून यायचा. शेवटी दाराच्या फटीत वर्तमानपत्राची घडी कोंबायचे. एवढं होईपर्यंत तासाचा चांगला लचका तुटलेला असायचा. अंधार झाला की मागच्या बाकावरून कुणीतरी कोंबडा आरवून दाखवायचं. सर न रागावता म्हणायचे, "आरव रे, आरव. कोंबड्याच्या पेशीतपण हेच चालतं. तुझ्यात चालतंय का ते आता बघू." आणि समोरच्या भिंतीवर सहा चिंचोके हळूहळू चालायला लागायचे.

हे सगळं आठवायला माझी नात निमित्त झाली. ती बारावीला आहे. परवा मोबाइलवर चयापचय बघत बसली होती. रंगीत गोळे भिरभिरत होते, मागे दणादण संगीत, आणि कुणी परदेशी बाप्या मधे श्वास न घेता श्वसन समजावून सांगत होता.

"आजी, तुमच्या वेळी असलं काही नव्हतं ना गं?"

"होतं की. चिंचोक्यांचं होतं."

ती हसायला लागली. मी घरात मुद्दाम, गंमत म्हणून, कुणाचा चष्मा फ्रिजमध्ये ठेवते, कुणाच्या चहात मीठ घालते, त्यामुळे माझ्या खऱ्या बोलण्यावरही आता कुणी विश्वास ठेवत नाही. म्हणून लिहून काढते. चोरग्यांचं चरित्र लिहायचं म्हटलं तर एका पानात संपेल. लग्न नाही, मुलंबाळं नाहीत, परदेशवारी नाही, पुरस्कार नाही. चोरगे आता स्वतःही नाहीत. पण तो सिनेमा होता, एवढं तरी नातीला पटलं पाहिजे.

दत्ताराम चोरगे महाडच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. उंच, हडकुळे. पँट कायम घोट्याच्या वर. डोंगरातल्या माणसाला दवात पँट भिजवणं परवडत नाही, असं त्यावर त्यांचं म्हणणं. पोलादपूरच्या वर कुठेतरी त्यांची वाडी होती. या डोंगरावरून त्या डोंगरावर हाक मारायला जो आवाज लागतो, तोच आवाज घेऊन ते वर्गात उभे राहायचे. त्यांनी बेडकाचं हृदय शिकवायला घेतलं की भिंतीपलीकडे माझ्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मुलींच्या हातातल्या परीक्षानळ्या थरथरायच्या. मी चिडून भिंतीवर डस्टर आपटायची. पलीकडून उत्तर यायचं, "ऐकलं, लिमयेबाई, ऐकलं! हृदय थांबवतो!" आणि दोन्हीकडचे वर्ग हसायचे.

त्या वेळची मी म्हणजे बघण्यासारखी वस्तू होते. पुण्याहून सुवर्णपदक घेऊन आलेली, आणि महाडला येऊन आपण महाडवर उपकार केले अशी ठाम समजूत. चयापचयाचा रासायनिक भाग माझ्याकडे होता. पदर खोचून मी फळ्याच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत ग्लुकोजच्या साखळ्या काढायची. अक्षर असं की विचारू नका. मुलं टक लावून बघायची आणि मला वाटायचं, माझ्या ज्ञानाने दिपली बिचारी. ती दिपली नव्हती, पेंगत होती. तुडीलहून, बिरवाडीहून सकाळच्या पहिल्या एसटीने उपाशीपोटी आलेली पोरं ती. मी रांगोळी काढायची आणि ती रांगोळी उतरवून घ्यायची.

एकदा तास संपल्यावर चोरगे दारात उभे राहून माझा फळा बघत होते.

"बाई, फळा सुंदर हाय."

शिकलेल्या माणसात ते आमच्यासारखंच बोलायचे, पण मनापासून काही आलं की वाडीची भाषा यायची.

"थँक यू," मी म्हटलं.

"पण त्यावर काय हलत नाय."

"हलायला त्या काय कठपुतळ्या आहेत?"

"हलतंय म्हणून आपण जिवंत आहोत, बाई. हलायचं थांबलं की आपलापण असाच फळा होतो."

मी स्टाफरूममध्ये जाऊन सगळ्यांना सांगितलं, की चोरग्यांना आता रसायनशास्त्र नाचवून हवंय. सगळे हसले. विनोद माझा होता, त्यामुळे मी जरा जास्तच हसले.

त्यांनी आधी कागदाचा प्रयोग करून पाहिला. एका बाजूने कोऱ्या कागदांचे तळहाताएवढे तुकडे करायचे, दोऱ्याने शिवायचे, प्रत्येकावर चित्र किंचित पुढे सरकलेलं काढायचं आणि अंगठ्याने फरफर पानं सोडायची. सहा गोल चालत यायचे आणि मधून तुटून तीन-तीनचे दोन गट व्हायचे. पोरं ती गड्डी एकमेकांकडून हिसकावून घ्यायची. पण वर्ग मोठा आणि गड्डी एक. शेवटच्या बाकावर पोहोचेपर्यंत पानं सुटायची आणि ग्लुकोज जमिनीवर पडायचं.

मग कॉलेजात समारंभांचे फोटो काढायला डिजिटल कॅमेरा आला आणि पाठोपाठ प्रोजेक्टर आला. समारंभ वर्षातून दोन-तीन. बाकी वर्षभर तो कॅमेरा चोरग्यांनी पळवला. एक दिवस ते माझ्या प्रयोगशाळेत आले.

"बाई, ब्युरेटचा एक स्टँड देता?"

"कशाला?"

"कॅमेरा उलटा टांगायचाय."

मी त्यांना सगळ्यात गंजका स्टँड दिला. कधीही न फिरणाऱ्या स्क्रूचा. त्यांनी तो जणू प्रसाद मिळाल्यासारखा छातीशी धरून नेला. नंतर मला कळलं, की कॅमेरा मुळीच हलू नये म्हणून त्यांना तसलाच हवा होता.

त्यांचं काम असं चाले. टेबलावर काळं कापड. त्यावर चिंचोके. एक चिंचोका म्हणजे एक कार्बन. लाल गुंजा म्हणजे फॉस्फेट. चिंचोका तांदळाच्या दाण्याएवढा सरकवायचा आणि फोटो काढायचा. परत सरकवायचा, परत फोटो. ते सगळे फोटो कॉम्प्युटरवर भराभर दाखवले की चिंचोके चालतात. पडद्यावर क्षणात होणाऱ्या गोष्टीला टेबलावर आठवडा जायचा. विकरं, म्हणजे एन्झाइमं, त्यांनी घरातली घेतली होती. तोडणारं एन्झाइम अडकित्ता. कार्बन काढून घेणारं चिमटा. जोडणारं दाभण. "एन्झाइम काम करतं आणि होतं तसंच बाजूला होतं," ते सांगायचे. "सुपारी कातरल्यावर अडकित्त्याची सुपारी होते काय? तो परत पुढच्या सुपारीला मोकळा!"

बिरवाडीत त्यांची भाड्याची खोली होती. शेजारी सगळे कारखान्यातले कामगार. एका मे महिन्यात मी फणसाचे गरे घेऊन तिकडे गेले. खरं सांगायचं तर गरे हे निमित्त, हा माणूस करतो काय ते बघायचं होतं. दार फटीएवढं उघडलं.

"बाई, चपला बाहेर. आणि पाऊल अलगद टाका."

आत भट्टी होती. पंखा बंद.

"पंखा बिघडला का?"

"नाय, गुंजा घरंगळतात."

"अहो, गुंजांचं काय घेऊन बसलात, माणूस जाईल जिवानिशी!"

"बसा ना," असं म्हणून त्यांनी मला एकुलती एक खुर्ची दिली. ते स्वतः जमिनीवर बसले. टेबलावर चिंचोके मांडलेले असल्यामुळे ते गेले कित्येक महिने जमिनीवरच जेवत होते. एक ताट, एक कप, एक खाट. मला पाणी तांब्यातून वरून प्यावं लागलं. अर्धं पाणी माझ्या साडीवर सांडलं. तेही मी स्टाफरूममध्ये रंगवून सांगितलं, एकच कप असलेला संसार म्हणून. तेव्हाच्या त्या लिमयेबाईला आज भेटले तर मी तिच्या चहातही मीठ घालेन.

मी बोलत असताना त्यांनी एकदम हात वर केला. "थांबा. बाळू आला रातपाळीवरनं."

बाहेर पावलं वाजली, शेजारचं दार धाडकन लागलं. टेबलावरच्या गुंजा थरथरल्या. चोरगे वाकून डोळे बारीक करून बघत राहिले. एकही जागची हलली नव्हती.

"आता तो संध्याकाळपर्यंत झोपेल. आता काम करता येईल."

"इथे तुमच्याशी बोलतं कोण?"

"ते झोपतात तेव्हा मी जागा. मी झोपतो तेव्हा ते कामावर." मग जरा विचार करून म्हणाले, "भिंत पातळ हाय. घोरणं ऐकू येतं. बरं वाटतं."

एवढं मात्र मी स्टाफरूममध्ये कुणाला सांगितलं नाही. माझ्यासाठी ही गोष्ट नवीनच होती.

सिनेमा वर्गात लागायला लागला आणि पोरं माणसांत आली. चयापचयाच्या प्रकरणावर जी हमखास नापास व्हायची ती आता उत्तरं लिहायला लागली. एका वर्षी मात्र विद्यापीठातून कुणा परीक्षकाचा प्राचार्यांना फोन आला. तुमच्या एका विद्यार्थिनीने उत्तर अगदी बरोबर लिहिलंय, पण हे 'अडकित्ता' नावाचं एन्झाइम कुठल्या पुस्तकात आहे? प्राचार्यांनी चोरग्यांना आणि साक्षीला मला बोलावलं.

"सर, ही काय पद्धत झाली? इंग्रजी पेपरात अडकित्ता?"

"पण साहेब, तिनं तोडलंय कुठं ते तर बघा."

"म्हणजे?"

"जिथं तुटतं तिथंच तोडलंय ना? सहाचे तीन-तीन केलेत ना?"

"केलेत."

"मग पोरगी पास हाय!" असं म्हणून ते इतक्या मोठ्याने हसले, की बाहेरचा शिपाई आत डोकावला. प्राचार्यांनाही हसू आवरेना. पण दुसऱ्या दिवसापासून चोरग्यांनी तो सगळा भाग परत चित्रित करायला घेतला. या वेळी अडकित्त्याच्या दांडीला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली होती. तिच्यावर बारीक अक्षरात, एन्झाइमचं खरं नाव.

मलाही एकदा त्यांची चूक सापडली. काय आनंद झाला होता मला! पुढची गोष्ट नीट समजावी म्हणून जरा सांगते. ग्लुकोज तुटत तुटत शेवटी दोन कार्बनांचा एक तुकडा उरतो. तो चार कार्बनांच्या एका रेणूत जाऊन मिळतो. सहा होतात. मग त्यांतले दोन वायू होऊन निघून जातात, परत चार उरतात आणि पुढच्या दोघांची वाट बघतात. असं चक्र फिरत राहतं. चोरग्यांनी बाहेरून येणारे दोन चिंचोके चुन्याने पांढरे रंगवले होते, म्हणजे ते कुठे जातात ते पोरांना दिसावं. पडद्यावर दोन पांढरे आत आले, चारात मिसळले, चक्कर मारली आणि चिमट्याने तेच दोन पांढरे बाहेर काढले.

दिवे लागल्यावर मी सगळ्यांसमोर म्हटलं, "चोरगे, हे चूक आहे. त्या फेरीत जे बाहेर जातात ते आत्ता आलेले नव्हेत. आधीचे असतात."

मला वाटलं, वाद घालतील. ते स्टुलावर बसले.

"म्हणजे पाहुणे ऱ्हातात?"

"त्या फेरीत तरी राहतात."

"आणि घरचे जातात."

"घरचे काय, कार्बन आहेत ते."

वर्ग गेल्यावरही ते तसेच बसून होते. मग म्हणाले, "बाई, वाडीतलं ते घर माझं नाय. मामाचं. वडील गेले तेव्हा आई मला घेऊन तिथं आली. मामाला चार पोरं. एकेक करत चौघंही मुंबईला गेली. कोण कळव्याला, कोण घाटकोपरला. मामा गेला, मामी गेली, आई गेली. किल्ली आता माझ्याकडं हाय." त्यांनी खिशावर हात ठेवला, जणू ती किल्ली तिथेच होती. "दुसऱ्या कुणाचं चुकलं तर ठीक. मला तरी कळायला पाहिजे होतं."

माझं विजयाचं भाषण तयार होतं. ते मी गिळलं. त्यांनी तो पूर्ण भाग टाकून दिला आणि परत केला. शेवटचा चिंचोका सरकला तेव्हा दिवाळीची सुट्टी लागली होती.

मग त्यांचा आवाज बसायला लागला. खडूने बसला, असं ते म्हणाले. हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध झालं. शेवटी मुंबईला जाऊन घशाचं मोठं ऑपरेशन झालं आणि ते गळ्याला मफलर गुंडाळून परत आले, ते आवाजाशिवाय. भिंतीपलीकडून आता काहीच ऐकू यायचं नाही. मी डस्टर हातात घेऊन उगाच उभी राहायची.

त्यांनी लहान मुलांची पाटी घेतली होती. जे सांगायचं ते लिहून दाखवायचं. स्टाफरूममध्ये सुरुवातीला सगळे थांबून वाचायचे. पण गप्पा कुणासाठी थांबतात? चोरग्यांनी विनोद लिहून पाटी वर धरेपर्यंत बोलणं दुसऱ्याच विषयावर गेलेलं असायचं. मग ते तळहाताने पाटी पुसून टाकायचे. न वाचलेले असे पुष्कळ विनोद मी पुसले जाताना पाहिले. पुढे पुढे त्यांनी डबा प्रयोगशाळेतच खायला सुरुवात केली, बाटल्यांतल्या बेडकांच्या सोबतीला.

प्राचार्य माणूस वाईट नव्हता. त्यांनी चोरग्यांना बसवून घेतलं आणि म्हटलं, "सर, कशाला आता वर्गाची दगदग? ग्रंथालय बघा, नाही तर निवृत्ती घेऊन आराम करा. शिकवायचं म्हणजे बोलावं लागतं हो."

चोरग्यांनी लिहिलं, 'चयापचय माझ्याकडे ठेवा. बाकी सगळं द्या.'

"पण बोलणार कसे?"

'सिनेमा आहे ना.'

प्राचार्यांनी एक सत्र दिलं. पोरांना समजलं नाही तर सरांनी घरी बसायचं, असं ठरलं. ही गोष्ट सगळ्या कॉलेजला माहीत होती. पोरांनाही.

पहिल्या तासाला मी निमित्त काढून मागे जाऊन बसले. सरांनी नेहमीप्रमाणे खिडक्या लावल्या. कोंबड्यासारखं कुणी आरवलं नाही. सिनेमा सुरू झाला. सिनेमा मुकाच होता, बोलायचं काम आजवर ते स्वतः करत आलेले. सहा चिंचोके आले, गुंजा चिकटल्या, अडकित्ता आला. सरांनी चित्र थांबवलं. हातातली छडी बाकावर टक् करून आपटली आणि एका मुलाकडे रोखली.

मुलगा उभा राहिला. "काय सर?"

सर काही नाही. उभे.

"सर... त्यो तुटला."

टक्. म्हणजे, पुढे बोल.

"अडकित्त्यानं तोडला. मंग तीन-तीनचे दोन झाले."

"अरे येड्या, नाव सांग ना एन्झाइमचं!" मागून एक मुलगी ओरडली. "चिठ्ठीवर लिवलंय!"

"तूच सांग गो मंग, लय शानी हायस तर!"

टक्. छडी तिच्याकडे वळली.

इतकी वर्षं त्यांच्या आवाजापुढे वर्गात उत्तर द्यायला कुणी तोंड उघडलं नव्हतं. आता त्यांच्या गप्प उभं राहण्यापुढे कुणाला गप्प बसता येईना. चूक झाली की चित्र मागे जायचं, बरोबर आलं की पुढे सरकायचं. पोरंच भांडायची, पोरंच सांगायची. भिंतीपलीकडे पुन्हा गोंगाट सुरू झाला आणि त्या सत्रात मी एकदाही डस्टर आपटलं नाही. कशेडीत दरड कोसळून रस्ता बंद झाला होता तेव्हाही घाटाकडची पोरं कुठून कुठून वळसे घालून त्या तासाला आली. निकाल लागला. सगळी पास.

प्राचार्य स्वतः उठून स्टाफरूममध्ये आले. खूष होते. "वा, सर! कमाल केलीत. नुसत्या सिनेमावर एवढं काम झालं! आता एक करा, हे सगळं पेनड्राइव्हमध्ये द्या. तासिका तत्त्वावर कदम मॅडम येतायत, त्या लावत जातील. तुम्ही आता निवांत आराम करा."

त्यांना खरंच असं वाटत होतं, की ते चांगली बातमी देताहेत.

चोरग्यांनी पाटी हातात घेतली. पेन्सिल टेकवली. तशीच उचलली. मग शर्टाच्या खिशातून पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला.

निरोप समारंभात शाल आणि नारळ झाला. चारपाच भाषणं झाली, माझंही झालं, आणि माझंच सगळ्यात लांब होतं. सत्काराला उत्तर म्हणून त्यांनी पाटी वर धरली. 'आभारी आहे. खिडक्या नीट लावत जा.' बिरवाडीची खोली सोडून ते पोलादपूरच्या वरच्या वाडीत जाऊन राहिले. मामेभावांनी मुंबईला बोलावलं, गेले नाहीत. काही वर्षांनी वाडीतच वारले, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. वाडीतून खाली मला कळवणार तरी कोण? पण त्याआधी, ते निवृत्त झाले त्याच वर्षी, आमची एकदा भेट झाली. तीच शेवटची.

दुपारची वेळ. मी प्रयोगशाळेत एकटी होते. दारात मफलर दिसला. पाटीवर वाटेतच लिहून आणलं होतं. 'आज कदम मॅडमचा तास आहे. बघायचं आहे. तुम्ही चला.'

"चला की! पोरांना सांगते, सर आलेत म्हणून."

त्यांनी जोरात मान हलवली. नको. नवी पोरं होती, त्यांना ओळखणारं वर्गात कुणी नव्हतं. जिन्यात ते मधेच थांबले. लिहिलं, 'माझ्याशिवाय समजलं नाही तर सिनेमा वाईट.' मी वाचल्यावर पुसलं. परत लिहिलं, 'समजलं तर' आणि पेन्सिल तिथेच थांबली. तेही पुसलं.

"नाहीच समजणार बघा," मी उत्साहाने म्हटलं. "तुमच्याशिवाय काय समजतंय त्यांना!" मला वाटलं, मी धीर देतेय. नापास होणाऱ्या मुलाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

कदम मॅडमनी हसून परवानगी दिली. अंधार झालेला होता. चोरगे अगदी मागच्या बाकावर जाऊन टेकले, मी त्यांच्या पुढच्या. त्यांच्या शेजारी एक मुलगी होती, वेणी घातलेली, दप्तर मांडीवर. कदम मॅडम मधे कुठेही न थांबता, एका लयीत इंग्रजी टिपण वाचून दाखवत होत्या. चित्र सरळ पुढे चाललं होतं. ते थांबवणारं कुणी नव्हतं, छडी नव्हती.

"काका, तुम्ही कुणाचे?" मागून मुलीची कुजबुज आली. "ऑफिसात काम व्हतं काय? ते जेवाय गेल्यात. बसा इथंच."

चोरगे पुढे झुकून भिंतीकडे बघत असणार, कारण मुलगी परत म्हणाली, "नाय कळत ना? थांबा, मी सांगते. ती मोहरी दिसते? ती मोहरी म्हणजे इलेक्ट्रॉन. ह्या शिंपल्यातनं त्या शिंपल्यात चाललीय बघा. कुणी ठेवून घेत नाय. आली की दिली पुढच्याला."

मी मान न वळवता ऐकत राहिले. कदम मॅडमचं वाचन तिथवर पोहोचलंसुद्धा नव्हतं.

"आन ते निळं बटन बघा, पार शेवटाला. त्यो ऑक्सिजन. त्यो काय करत नाय, नुसता हुबा. पन त्यो नसला ना काका, तर शेवटची मोहरी घ्यायला कोन नाय. मंग मागचे समदे शिंपले भरलेलेच ऱ्हातील. काम बंद. मानूस खलास. आपन श्वास घेतो ना, त्यो त्या बटनापायी." मग तिने मास्तरणीसारखं विचारलं, "कळला काय?"

मी मागे वळले. भिंतीवरच्या उजेडात त्यांचा चेहरा दिसत होता. जिन्यात जो प्रश्न त्यांनी अर्धा लिहून पुसला होता त्याचं उत्तर त्यांना मिळालं होतं, एका पोरीकडून, तिला कुणी न विचारता. त्यांचा हात पिशवीतल्या पाटीकडे गेला. तिथून रिकामाच परत आला. त्यांनी तिच्याकडे बघून नाही अशी मान हलवली आणि एक बोट हवेत गोल फिरवलं. परत सांग.

"परत?" मुलगी म्हणाली. "काका, तुमीपन ना... बरं. आता नीट बघा हां."

तिने दप्तर खाली ठेवलं, बाकावर सरकून त्यांच्या जवळ आली आणि पहिल्या शिंपल्यापासून सांगायला लागली. चोरगे कान तिच्याकडे करून ऐकत होते.